ढिली तार

बागवाल्याने तारेला टिचकी मारली ती भर दुपारी, आणि तार बोललीच नाही. नुसती हलली. त्याने दुसरीला मारली, तिसरीला मारली, वाकून खालच्या दोघींनाही मारली. पाचही तशाच मुक्या. मग तो आमच्या मामंजींकडे वळला आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसा हळू म्हणाला, "काका, कान गेला तुमचा."

मामंजी पक्कड पुसत होते. ती केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ते पुसत राहिले. मी खांबाशी उभी होते. पहार धरून हातांना आलेले फोड फुटले होते आणि त्यांत घाम जाऊन झोंबत होतं, पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. बागवाल्याने पुढे सांगितलं, की पूर्वेची बाजू झाली ती झाली, उत्तरेची बाजू तो दुसऱ्यांकडून करून घेईल. त्यांच्याकडे तार ओढायचं यंत्र आहे. यंत्राला काटा असतो.

मामंजी म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी एकच धंदा केला, शेताला आणि बागेला तारेचं कुंपण घालण्याचा. माझा नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी येतो आणि त्यातले तीन झोपतो. त्यामुळे लग्न होऊन आले तशी मामंजींच्या जोडीला मीच गेले. खड्डे माझे, तारा त्यांच्या. खांब उभा करायला दोघं. मामंजींजवळ काटा नव्हता, यंत्र नव्हतं. ते तार ओढायचे, नखाने टिचकी मारायचे आणि डोळे मिटायचे. पाचही तारा एकाच आवाजात बोलल्या पाहिजेत, हा त्यांचा कायदा. एक जरी खालच्या आवाजात बोलली, तर ती ढिली, आणि ढिल्या तारेतून बकरी शिरते. "बकरीला तार दिसत नाही, ढिलाई दिसते," असं ते म्हणायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या कुंपणातून बकरी शिरली नव्हती, आणि ही गोष्ट ते ओळख नसलेल्या माणसालाही थांबवून सांगायचे.

असल्या माणसाला कान गेला म्हणणं म्हणजे धावणाऱ्याला लंगडा म्हणणं.

आमचं काम वर्षात दोनच महिने चालतं. पीक निघतं आणि पाऊस यायचा असतो, त्या मधल्या उन्हात लोक कुंपणं घालून घेतात. पाऊस पडला की जमीन मऊ होते, खांब हलतात, मग कोणी बोलवत नाही. ते दोन महिने नुकते लागले होते. बागवाल्याचं बोलणं वाऱ्यासारखं पसरलं आणि आठवड्याच्या आत दोन जणांनी निरोप पाठवले, की यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. एकाने तर मामंजींच्या तब्येतीची चौकशीही केली. ती चौकशी त्यांना जास्त लागली.

ते घरी बसले. पक्कड खिळ्याला टांगली. आणि रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं त्यांचं सुरू झालं. पहिल्या दिवशी त्यांनी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या दिवशी माझी कपड्यांची दोरी इतकी ताणून बांधली, की ओली चादर टाकल्याबरोबर एक खुंटी भिंतीतून उपटून आली. तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात येऊन डब्यांची झाकणं घट्ट लावू लागले. तेव्हा सासूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "घट्टच करायचंय ना काहीतरी? मग माझं एक काम करा."

सासूबाईंचा सात बायकांचा गाण्याचा गट होता. दर गुरुवारी दुपारी तीनला धान्याच्या रिकाम्या गोदामात त्या जमायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई त्यांना शिकवायच्या. त्यांची एक जुनी पेटी होती, तिचा भाता त्या हिवाळ्यात उंदरांनी खाल्ला. तेव्हापासून सूर धरायला काही उरलं नव्हतं, आणि सात बायका सात वाटांनी जात होत्या. सासूबाईंचा स्वतःचा आवाज चांगला आहे, हे मी सून असूनही कबूल करते. पण त्याला टेकायला काहीतरी लागायचं. बाई म्हणाल्या होत्या, एका सुरात झणझणत राहील अशी चार तारांची कसली तरी वस्तू मिळाली तरी भागेल.

मामंजी म्हणाले, मी कुंपणवाला आहे, वाजंत्रीवाला नाही. सासूबाई म्हणाल्या, तार ती तारच. मामंजी म्हणाले, माझा कान गेलाय, लोकांना विचार. सासूबाईंनी लाटणं परत उचललं आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं माझं एक ऐकू आलं नाही तुम्हाला. कान तर तेव्हाच गेला होता. तारेचं काय ते बघा."

मला हसू आवरेना. मामंजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा ते मागच्या अंगणात भंगाराच्या ढिगाशी उकिडवे बसले होते.

त्या ढिगात काय नव्हतं! मोडक्या पलंगाचे दोन दांडे, सायकलची चाकं, नवऱ्याने ट्रकमधून आणून टाकलेले नटबोल्ट, फुटका प्लॅस्टिकचा कॅन, तेलाचे चौकोनी पत्र्याचे डबे. मामंजींनी आधी कॅन घेतला, कारण तो हलका होता. त्याला दांडा बसवला, एक तार ओढली, टिचकी मारली. उशीत बोट खुपसावं तसा आवाज आला. तो कॅन त्यांनी कोंबड्यांना पाणी ठेवायला देऊन टाकला.

मग तेलाचा डबा. त्याला आतून तेलाचा चिकट थर होता. तो मी राखेने घासून घासून काढला, दोन दिवस माझ्या हातांना खोबरं खवट झाल्यासारखा वास येत होता. डब्याच्या दोन बाजूंना भोकं पाडून मामंजींनी पलंगाचा दांडा आरपार घातला. दांडा शिसवी होता, त्याला कानस लावून लावून त्यांचा खांदा भरून आला. पण बऱ्याच दिवसांनी त्यांच्या भुवयांवर लाकडाचा भुसा बसलेला बघून मला बरं वाटलं. दांड्याच्या टोकाला चार कडीचे बोल्ट. कुंपणाच्या शेवटच्या खांबाला तार आवळायला असतात, तेच. पाना फिरवला की तार ताणली जायची. असल्या नाजूक वस्तूला इतके दांडगे बोल्ट बघून मी म्हटलं, यावर म्हैस बांधता येईल. मामंजी म्हणाले, बांधली तरी हलणार नाही.

तारेने मात्र रडवलं. कुंपणाची तार फार जाड. जळक्या मोटारीतली तांब्याची तार घेतली, तर ती ताणली की लांबतच जायची, सकाळी आवळली की संध्याकाळी लोंबायची. "ही तार नाही, पाहुणा आहे," मामंजी म्हणाले, "जरा सैल सोडलं की पसरतो." शेवटी सायकलच्या ब्रेकची वायर उलगडली. तिच्यात केसासारख्या बारीक पोलादी तारा पिळून बसवलेल्या असतात. त्यातली एकेक सोडवून सरळ करायची. ते काम माझ्याकडे आलं, कारण माझे डोळे तरणे. पहिल्या तारेने माझं बोट कापलं, दुसरीने मामंजींचा अंगठा, तिसरी सुटून उडाली ती सासूबाईंच्या अंबाड्यात अडकली. त्यांनी ती काढून आमच्यापुढे ठेवली आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्यासाठी चाललं होतं ना.

तारा डब्यावरून जाताना पत्र्याला लागून चिरचिरत होत्या. त्यांना उचलून धरायला काहीतरी लागत होतं. लाकडाचा तुकडा लावला, मोडक्या कुलपाचा दांडा लावला, शेवटी माझा तुटका कंगवा लावला. कंगव्याच्या दातांमध्ये चार तारा अशा बसल्या, की जणू तो त्यासाठीच तुटला होता. मामंजींनी टिचकी मारली. डबा घुमला. अंगणातली कोंबडी मान वर करून थांबली, आणि आम्ही तिघंही थांबलो.

मग मामंजींनी डोळे मिटले. किती तरी दिवसांनी मी त्यांना तसं बघत होते. पाना फिरवायचा, टिचकी, पाना फिरवायचा, टिचकी. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत येऊन लोंबत होता, पण त्यांनी तो पुसला नाही. तासाभराने त्यांनी चारही तारांवरून नख फिरवलं. चार तारा, आणि आवाज एक. इतका एक, की तारा चार आहेत हे बघूनच कळावं.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई बघायला आल्या. त्यांनी डबा मांडीवर घेतला, वाजवला, आणि त्यांचा चेहरा उजळला. पुन्हा वाजवला आणि त्या जरा विचारात पडल्या. त्यांनी समजावून सांगितलं, की झालंय उत्तम, फक्त चारही तारा एकाच सुरात असून चालत नाही. पहिली थोडी खाली हवी. ती खाली असली की गाणाऱ्याला जागा मिळते.

"खाली म्हणजे?" मामंजींनी विचारलं.

"जरा सैल."

मामंजींनी डबा बाईंच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. लेकरू परक्याच्या हातातून घ्यावं तसा.

"सैल तार मी ठेवत नसतो, बाई."

बाईंनी पुन्हा समजावलं. हे कुंपण नाही, यातून काही शिरायचं नाही. मामंजी ऐकून घेत होते आणि मान हलवत होते, पण ती मान नकाराची होती. सासूबाई म्हणाल्या, मी सांगते म्हणून ठेवा. तेव्हा ते उठलेच. दारात जाऊन, आमच्याकडे पाठ करून म्हणाले, "सगळा गाव म्हणतोय, याची तार ढिली. आता घरातल्यांसाठी मुद्दाम ढिली करू? आणि कोणी येऊन टिचकी मारली तर?"

बाईंनी चहाचा कप दोन्ही हातांत धरून ठेवला. मला एकदम रडू आलं, आणि ते लपवायला मी डब्यावरची नसलेली धूळ पुसली. सासूबाई तोंडाने खट असल्या तरी मनाने शहाण्या आहेत. त्या म्हणाल्या, राहू दे, एका सुरात तर एका सुरात, सातजणी एका जागी आलो तरी पुष्कळ.

गुरुवारी मामंजींनी सकाळीच तारा पुन्हा आवळून दिल्या. दुपारी डबा कडेवर घेऊन मी सासूबाईंबरोबर गोदामात गेले. वाटेवर सावली नावाला नव्हती, पायाखालची धूळ चपलेतून भाजत होती. गोदामाला पत्र्याचं छप्पर. आत गव्हाचा जुना वास आणि भट्टीसारखी ऊब. मी तारा छेडत बसले, मला तेवढंच जमत होतं. पहिलं गाणं सुरू झालं आणि चमत्कारच झाला. सातही जणी एका वाटेला लागल्या. सासूबाईंचा आवाज मधून वर गेला, आणि बाकीच्या तिच्या मागून गेल्या. दुसऱ्या गाण्यालाही छान. पण बाई हात वर करून थांबल्या. म्हणाल्या, सूर खाली आलाय. त्या दिवशी घरी वाजवून बघितलं होतं त्यापेक्षा पुष्कळ खाली.

म्हटलं, झालं, इथेही तार ढिली. घरी काय सांगायचं?

बाईंनी एकेक तार छेडून पाहिली, मग चारही एकदम. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "विचित्र आहे," त्या म्हणाल्या. "उतरल्यात, पण चारही सारख्याच उतरल्यात. एक केसभरसुद्धा मागेपुढे नाही. ज्याने आवळल्या त्याचा कान गेलाय असं कोण म्हणालं?"

ते मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आधी वाईट, मग चांगलं. मामंजींनी फक्त वाईट ऐकलं. त्या संध्याकाळी ते नीट जेवले नाहीत. डब्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केर काढत होते. अजून गारवा होता. झाडू तारांना लागला आणि डबा झणकन वाजला. आत मामंजींचं दात घासणं थांबलं. ते तोंडात फेस घेऊन बाहेर आले.

"कोणी हात लावला?"

मी म्हटलं, कोणी नाही, झाडू लागला. ते म्हणाले, पान्याने कोणी आवळल्या? मी म्हटलं, पाना तुमच्या उशाखाली आहे. ते वाकले, टिचकी मारली. तार खणखणीत बोलली, कालच्या सकाळसारखी. चूळ भरायचंही त्यांना सुचेना.

तो दिवस त्यांनी डब्यापाशी काढला. दर घटकेला टिचकी. सकाळी नऊला थोडी उतरली. डबा उन्हात ठेवला, आणखी उतरली. सावलीत आणून वर ओला फडका टाकला, अर्ध्या तासात चढली. दुपारी बाराला भर उन्हात ठेवून त्यांनी टिचकी मारली आणि तार नुसती हलली. मामंजी तिथेच, उन्हात, फतकल मारून बसले.

"पोरी," ते म्हणाले, "बागवाल्याच्या तारा आपण कधी ओढल्या?"

"सकाळी. तो घाई करत होता ना, रोपांची गाडी येणार म्हणून. दिवस उजाडायच्या आत गेलो होतो."

"आणि एरवी?"

एरवी दुपारी. हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम होता. सकाळी खड्डे, सकाळी खांब, आणि जेवणानंतर तार. त्यात कधी बदल झाला नव्हता. कोणी कारण विचारलं तर मामंजी दंड थोपटून सांगायचे, की भरल्या पोटी हाताला जोर येतो, तार ओढायला जोर लागतो. मीही इतकी वर्षं तेच समजत होते आणि तार ओढायच्या दिवशी त्यांना दोन घास जास्त वाढत होते.

"जोर कसला आलाय," मामंजी म्हणाले, आणि हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. "ऊन. ऊन बघत होता म्हातारा. तापलेली तार ओढली की ती पुढे सैल व्हायचीच नाही. आणि मला सांगितलं काय, तर जेवून घे."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, तुम्हाला कारण सांगितलं असतं तर तुम्ही वाद घातला असता. जेवायला सांगितलं, ते ऐकलंत.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना मामंजी बागवाल्याच्या दारात. मी बरोबर होतेच. बागवाला डोळे चोळत आला. मामंजींनी त्याच्याशी वाद घातला नाही, फक्त कुंपणाशी चला म्हणाले. तारांवर दव होतं. त्यांनी पहिल्या तारेला टिचकी मारली. ती अशी बोलली, की खांबावरचा पक्षी उडाला. मग दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. पाचही एकाच आवाजात. बागवाल्याने स्वतः टिचकी मारून पाहिली आणि मामंजींकडे असं बघितलं, जणू त्यांनी रात्रीतून येऊन काही केलं असावं.

"आता दुपारी या," मामंजी म्हणाले. "आणि उत्तरेची बाजूही बघू. यंत्राची."

दुपारी साडेबाराला तो आला, डोक्यावर टॉवेल टाकून. पूर्वेच्या तारा पुन्हा मुक्या. तो काही बोलायच्या आत मामंजी उत्तरेकडे चालू लागले. यंत्रवाल्यांनीही सकाळच्या गारव्यातच काम उरकलं होतं. त्याही तारा लोंबत होत्या. मामंजींनी बागवाल्याला टिचकी मारायला लावलं. काटा असो की कान, उन्हाला दोन्ही सारखेच.

बागवाला उभा राहिला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. चूक झाली असं म्हणायची त्याच्या घराण्यात रीत नसावी. त्याने पायाने एक ढेकूळ फोडलं, पूर्वेकडे बघितलं, उत्तरेकडे बघितलं.

"म्हणजे दोन्ही बाजू उन्हात ओढाव्या लागतील," तो म्हणाला.

"लागतील."

"बरं," बागवाला म्हणाला. "जेवून या मग."

मामंजी घरापर्यंत जवळजवळ पळतच आले. सत्तरीच्या माणसाने दुपारच्या उन्हात पळू नये, हे मी मागून ओरडून सांगत होते आणि मीही पळत होते. त्या दुपारी ते पोटभर जेवले. कारण कळलं होतं तरी मी दोन घास जास्तच वाढले.

चार दिवस आम्ही त्या उन्हात तारा ओढल्या. खांब हाताला चटके देत होते, पक्कड फडक्यात गुंडाळून धरावी लागत होती. माझ्या तळव्यांना फोडांवर फोड आले, मामंजींची पाठ सोलून निघाली. पण टिचकी मारून डोळे मिटले की त्यांच्या चेहऱ्यावर सावलीत बसल्यासारखा थंडावा यायचा. तब्येतीची चौकशी करणारा गृहस्थ तिसऱ्या दिवशी कुंपणाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, माझंही तेवढं बघा. मामंजींनी त्याला आधी त्याच्या तब्येतीचं विचारलं.

मग गुरुवार आला. सासूबाई पदर खोचून निघायच्या तयारीत होत्या, मी डबा उचलणार, तेवढ्यात मामंजी म्हणाले, थांब. त्यांनी पाना आणला. डबा मांडीवर घेतला. मला वाटलं, उन्हाचा हिशेब धरून तारा अजून आवळतील. त्यांनी डोळे मिटले, पहिल्या तारेच्या बोल्टला पाना लावला आणि उलटा फिरवला. तार उतरली. अजून थोडा फिरवला. टिचकी मारली, मान हलवली, केसभर आणखी उतरवली. मग चारही तारांवरून नख फिरवलं. खोलीत काहीतरी उघडल्यासारखं झालं, इतका तो आवाज रुंद होता. बाई जागा मिळते म्हणाल्या होत्या, ती हीच असावी.

सासूबाई उंबऱ्यात होत्या. चपलेत एक पाय, दुसरा बाहेर. त्यांनी ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. पण कबूल करतील तर त्या सासूबाई कसल्या.

"ढिली ठेवलीत," त्या म्हणाल्या. "बकरी शिरेल."

मामंजींनी डबा माझ्या हातात दिला, पाना खिशात घातला.

"शिरू दे," ते म्हणाले.